गिल-मॅनची दोन बोटं: तुटलेलं जुनं मॉन्स्टर किट दुरुस्त करताना

न्यू जर्सीत उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी घरोघरी गॅरेज सेल, म्हणजे घरातल्या जुन्या सामानाची विक्री, लागतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सेलमध्ये, खिळे-स्क्रूंच्या डब्याशेजारी, बुटाच्या खोक्यात मला तो सापडला: प्लास्टिकचा पाणराक्षस. अंगभर खवले, मानेशी कल्ल्यांची झालर, एक पाय गुडघ्यातून निखळलेला, उजव्या हाताची दोन बोटं गायब, आणि वरून कुणीतरी फासलेला जाड, चकचकीत हिरवा रंग. आठ डॉलरला घेतला. घरी आल्यावर बैठक उलटी करून बघितली, तर खाली पेन्सिलीने लहान मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘ऑक्टोबर १९६४’.

हे ऑरोराचं किट, म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग घरी चिकटवून, रंगवून बनवायची मूर्ती. ऑरोरा प्लास्टिक्स ही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरची कंपनी. १९६१ साली तिने फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाचं किट काढलं, ते मुलांनी डोक्यावर घेतलं, आणि पाठोपाठ ड्रॅक्युला, वुल्फ मॅन, ममी असे सगळे आले. हा पाणराक्षस १९६३ चा. १९५४ च्या ‘क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ या युनिव्हर्सल स्टुडिओच्या चित्रपटातला हा प्राणी; चाहते त्याला गिल-मॅन म्हणतात. १९७७ मध्ये ऑरोराचा गाशा गुंडाळला गेला आणि तिचे बरेच साचे मोनोग्राम या दुसऱ्या किट कंपनीकडे गेले. त्यामुळे त्या काळात कुणा मुलाने घरात बसून जोडलेलं, रंगवलेलं किट आज हाती येतं तेव्हा ते साठ वर्षांचं असतं, आणि आपण त्याच्याशी तसंच वागायला हवं. नवं किट बांधायचं कसब इथे पुरत नाही. इथे आधी काय आहे ते ओळखायचं, मग जेवढं गेलंय तेवढंच परत आणायचं.

आधी काहीही चिकटवू नका

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक पहिल्या दहा मिनिटांत होते: पाय निखळलेला दिसतो, घरात फेविक्विक असतं, आणि पाय चिकटवला जातो. मग तो दोन अंश वाकडा बसतो, सांध्यातून पांढरी वाफ उठून खवल्यांवर धुरकट डाग पडतो, आणि पुढची प्रत्येक पायरी अवघड होते. म्हणून ट्यूबला हात लावायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा. तुटलेल्या प्रत्येक कडेचा जवळून एक. खोकं, पिशवी, ज्यातून किट आलं ते सगळं पांढऱ्या कागदावर झटका. माझ्या खोक्याच्या तळाशी धुळीत तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा तुकडा मिळाला. ते एका बोटाचं नख होतं. सगळे तुकडे गोळ्या ठेवायच्या कप्प्यांच्या डबीत ठेवा, आणि काय नाही त्याची यादी करा.

मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ टूथब्रशने धुवा. खालच्या बाजूला काही लिहिलेलं असेल तर तिथे पाणी लागू देऊ नका. मी बैठक धुतलीच नाही, ओल्या इअरबडने फक्त वरून पुसली. वाळवायला सावलीत रात्रभर.

प्लास्टिक कोणतं आहे?

यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून घाई नको. ऑरोराची किट्स पॉलिस्टायरीनची: कडक, हलकं, नखाने वाजवलं की कोरडा ‘टक’ असा आवाज. ऐंशीच्या दशकात जपानमध्ये गॉडझिलासारख्या राक्षसांची ‘गॅरेज किट्स’, म्हणजे हौशी लोकांनी थोड्या संख्येने काढलेली किट्स, निघू लागली, ती बहुतेक मऊ व्हायनलची किंवा रेझिनची. व्हायनल आतून पोकळ आणि दाबलं की दबणारं. रेझिन हाताला जड, तुटलेल्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे दिसतात. तरीही खात्री होत नसेल तर तळव्याखाली, कुठे दिसणार नाही अशा जागी, पातळ प्लास्टिक सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लावा. स्टायरीन असेल तर ती जागा ओली चमकते आणि काही सेकंदांत मऊ होते. व्हायनल आणि रेझिनला हे सिमेंट जोडतच नाही. त्यांना सुपरग्लू किंवा इपॉक्सी.

वाकलेला भाग सरळ करायचा असेल तर व्हायनल गरम पाण्यात किंवा हेअर ड्रायरच्या झोतात छान मऊ होतं. हवा तसा आकार द्या आणि लगेच थंड पाण्यात धरा. स्टायरीनवर हा प्रयोग नवशिक्यांनी करू नये. ते उकळत्या पाण्याच्या आसपास एकदम सैल पडतं आणि बारीक नक्षी हातात राहत नाही. व्हायनलबद्दल आणखी एक: त्यावर ऑइल बेसचा इनॅमल रंग लावलात तर तो महिनोन्महिने चिकट राहू शकतो. ॲक्रिलिकच वापरा.

आणि ॲसिटोन. हे मी ठळक सांगतो, कारण माझं पहिलं किट त्यानेच गेलं. एका वुल्फ मॅनच्या छातीवर सुपरग्लूचा वाळलेला ओघळ होता, तो काढायला मी नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन घासला. ओघळ गेला, आणि खालचे कोरलेले केसही गेले. तिथे गुळगुळीत, लिबलिबीत चट्टा उरला. रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं आणि ॲसिटोन पॉलिस्टायरीन विरघळवतं. हार्डवेअरच्या दुकानातला थिनर, पेट्रोल यांचंही तेच. स्टायरीनच्या मूर्तीजवळ या बाटल्या आणूच नका.

जुना रंग: काढायचा की ठेवायचा

इथे संग्राहकांची मतं वेगवेगळी आहेत, माझं मत असं. रंग मूळ मालकाने त्या वेळी दिलेला असेल, पातळ असेल आणि नक्षी दिसत असेल, तर तो कितीही कच्च्या हाताचा असला तरी ठेवा. तो त्या वस्तूचा भाग झालेला आहे. पण नंतर कुणीतरी वरून जाड थर फासला असेल आणि खवले बुजले असतील, तर तो काढणं म्हणजे मूर्ती मोकळी करणं. माझ्या गिल-मॅनवर वरचा चकचकीत थर पायाच्या तुटलेल्या कडेवरही चढलेला होता, म्हणजे पाय मोडल्यानंतर कधीतरी लावलेला. त्यामुळे निर्णय सोपा झाला.

सुरुवात ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने करा. भारतात ते केमिकलच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. झाकणाच्या काचेच्या बरणीत भाग बुडवा, दोन-तीन तासांनी काढून जुन्या टूथब्रशने हलकेच घासा, पुन्हा बुडवा. ॲक्रिलिक रंग पापुद्र्यासारखा निघतो. इनॅमल चिवट असतो, त्याला दोन-तीन फेऱ्या लागतात आणि काही वेळा तो अल्कोहोलला दादच देत नाही. अमेरिकेत अशा वेळी कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर वापरतात. तो इनॅमल उतरवतो आणि स्टायरीनला धक्का लावत नाही, पण कातडी आणि डोळे जाळतो. वापरायचाच असेल तर उघड्यावर, जाड रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, प्लास्टिकच्या भांड्यात. ॲल्युमिनियमच्या भांड्यात कधीही नाही. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सोडतं. घरात लहान मुलं असतील तर हा मार्ग सोडून द्या, अल्कोहोलच्या आणखी चार फेऱ्या करा.

मला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठीवरच्या पराजवळ रंग सुटला आणि खालून कारखान्यातून आलं तसं हिरवं प्लास्टिक दिसलं, प्रत्येक खवल्याची कड तीक्ष्ण. त्या क्षणासाठी मी हे काम करतो.

सांधे सोडवणं आणि पुन्हा जोडणं

पाय निखळलेला होता, पण धडाचे दोन अर्धे भागही वाकडे जोडलेले होते, छातीत मधोमध पायरी पडलेली. असा सांधा सोडवायचा असेल तर मूर्ती पिशवीत घालून फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा. थंडीने जुना ट्यूबमधला ग्लू आणि सुपरग्लू ठिसूळ होतात. सकाळी बाहेर काढून सांध्याच्या रेषेत बोथट सुरी ठेवा आणि हलका दाब द्या. ‘कट्’ असा आवाज येतो आणि फट उघडते. जिथे उघडत नाही तिथे प्लास्टिकच एकजीव झालेलं असतं; तिथे जोर केलात तर सांध्याऐवजी शेजारची भिंत फुटेल. तिथे थांबा. अर्धा मिलिमीटरची पायरी पुढे घासून आणि भरून झाकता येते.

जोडताना एक गोष्ट लक्षात ठेवा: सिमेंट रंगाला रंग जोडत नाही, प्लास्टिकला प्लास्टिक जोडतं. दोन्ही कडा स्वच्छ, उघड्या हव्यात. आधी कोरडेच भाग एकमेकांवर बसवून बघा, रबरबँड किंवा मास्किंग टेपने धरा. बसले की मग पातळ सिमेंटचा ब्रश सांध्यावर नुसता टेकवा. द्रव स्वतःच फटीत धावतो. बोटाचा ठसा सांध्यावर येऊ देऊ नका, कारण ओल्या सिमेंटमध्ये तो कायमचा उमटतो. एक दिवस हात लावू नका.

गुडघ्यासारख्या, सगळा भार पेलणाऱ्या सांध्याला नुसतं सिमेंट पुरत नाही. आत पिन घाला. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने दोन्ही बाजूंना एक मिलिमीटरचं छिद्र, खोली साधारण पाच-सहा मिलिमीटर. समोरासमोर छिद्रं जुळवायची सोपी युक्ती: एका बाजूच्या मध्यावर रंगाचा ठिपका लावा, रंग ओला असताना दोन्ही बाजू टेकवा, ठिपका दुसरीकडे उठतो. तिथे छिद्र पाडा. पितळेची तार किंवा सरळ केलेली कागदाची क्लिप कापून आत, तारेला सुपरग्लू, कडांना सिमेंट.

बोटं

आता खरं काम. गेलेला भाग मिळवायचे तीन मार्ग आहेत. ऑरोराच्या बऱ्याच राक्षसांच्या पुढे नव्या आवृत्त्या निघाल्या, तेव्हा एखादं अर्धवट किट घेऊन त्यातला भाग लावता येतो. दुसरा मार्ग, मूर्तीवरच्याच दुसऱ्या भागाचा साचा घेणं. तिसरा, हाताने घडवणं. बोटांच्या बाबतीत दुसरा मार्ग लगेच बाद होतो, कारण डाव्या हाताचं बोट उजव्याला बसत नाही, ते आरशातलं असतं. मी हाताने घडवली.

तुटलेल्या बोटाच्या बुंध्यात अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र पाडून तार बसवली आणि शेजारच्या बोटाकडे बघत तिला बाक दिला. बोटांमधला पडदा विसरू नका. तार फार लांब ठेवलीत तर पडदा ताणल्यासारखा दिसतो. मग दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. घरातली एम-सील पोकळी भरायला, मागून आधार द्यायला चालते, पण बारीक नक्षीसाठी मिलिपुटसारखी मॉडेलची पुट्टी घ्या. तिचा कण बारीक असतो. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकसंध होईपर्यंत मळा. रेघा दिसत असतील तर ती अर्धी कच्चीच राहते.

पहिल्या दिवशी तारेवर फक्त पातळ गाभा चढवा आणि कडक होऊ द्या. दुसऱ्या दिवशी वरचा थर. एकाच वेळी सगळं चढवलं की बोट दाबताच आतला थर हलतो आणि आकार जातो. ओल्या बोटाने गुळगुळीत करा, पुट्टी चिकटणार नाही. मग अर्धा-पाऊण तास थांबा. पुट्टी घट्ट चीजसारखी झाली की खवले काढायची वेळ. मी बॉलपेनची रिकामी रिफिल तिरकी कापतो. तिची अर्धगोल कड पुट्टीत हलकेच टेकवली की एक खवला उमटतो. पुढचा खवला आधीच्या दोन खवल्यांच्या मधोमध, कौलांसारखा. बोटाच्या टोकाकडे खवले लहान होत जातात, म्हणून दोन जाडीच्या रिफिली ठेवा. दोन बोटांवर मिळून पन्नास-साठ खवले झाले असतील. भिंग डोळ्याला लावून, श्वास रोखून, एक दुपार. खोक्यातलं ते तांदळाएवढं नख शेवटी एका बोटाच्या टोकाला सिमेंटने नाही, सुपरग्लूने बसलं, कारण खाली आता पुट्टी होती.

मोठ्या सपाट जागेवर, मांडीवर वगैरे, खवले गेले असतील तर साचा घेणं सोपं. ओयुमारू नावाच्या जपानी कांड्या गरम पाण्यात मऊ होतात. मऊ कांडी शेजारच्या चांगल्या खवल्यांवर दाबा, थंड होऊ द्या, सोलून काढा, आणि हा ठसा ओला करून ताज्या पुट्टीवर दाबा.

फटी आणि घासणं

सांध्यातल्या बारीक फटींसाठी मला एक घरगुती भरण सगळ्यात आवडतं. किटची उरलेली चौकट, ज्याला स्प्रू म्हणतात, तिचे बारीक तुकडे करून पातळ सिमेंटच्या अर्ध्या बाटलीत टाका; रात्रभरात मधासारखं घट्ट मिश्रण होतं. ते म्हणजे प्लास्टिकच, त्यामुळे सुकल्यावर मूळ भागासारखंच घासलं जातं. मात्र दोन दिवस सुकू द्या, ते आकसतं, आणि मग दुसरा हात द्यावा लागतो. जुन्या किटची चौकट अर्थातच मिळत नाही. कुठल्याही स्टायरीन किटची चालते.

घासायला पाण्याचा पॉलिश पेपर, ४०० नंबरपासून ८०० नंबरपर्यंत. नेहमी ओला. रेझिनची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका, मास्क लावा. खवल्यांच्या मधली रेघ पेपरने निघत नाही. तिथे पेपरची पट्टी काडीला चिकटवून जा, आणि जिथे खवला घासला गेला तिथे सुईने तो पुन्हा कोरा.

रंग

चित्रपट कृष्णधवल होता, त्यामुळे पडद्यावरचा ‘खरा’ रंग दाखवून कुणी तुम्हाला चूक ठरवू शकत नाही. खोक्यावरचं चित्र जेम्स बामा या चित्रकाराचं, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्याच्याच हिरव्याला प्रमाण मानलं. चित्रपटातल्या प्राण्याचं रूप मिलिसेंट पॅट्रिक या कलावतीने रेखाटलं होतं. तिचं श्रेय अनेक दशकं झाकलेलं राहिलं. रंगवण्याआधी चित्रपटाची स्थिर छायाचित्रं जरूर बघा. जमिनीवर बेन चॅपमन आणि पाण्याखाली रिकू ब्राउनिंग असे दोघे तो पोशाख घालत, आणि ओल्या रबराची ती झाक समजली की रंग कुठे चमकवायचा ते कळतं.

आधी प्रायमरचा पातळ फवारा. राखाडी प्रायमर उरलेल्या सगळ्या फटी दाखवून देतो. परत जा, भरा, घासा. हे दोनदा होतंच. मग गडद शेवाळी हिरवा, दोन पातळ थर. त्यावर काळसर तपकिरी रंग खूप पाणी घालून सोडा, म्हणजे तो खवल्यांच्या खाचांत उतरतो. उंच भागावरचा टिश्यूने टिपा. वाळल्यावर ब्रशला पिवळट हिरवा घ्या, कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि खवल्यांवरून नुसता फिरवा. प्रत्येक खवल्याची कड उजळते. पोटाच्या पट्ट्यांवर हाच रंग जरा जास्त. घडवलेल्या बोटांवर मुद्दाम जास्त काम करू नका, नाहीतर नजर तिथेच जाते.

किट अंधारात चमकणारं असेल, तर त्याच्या चमकत्या भागांवर रंग देऊ नका. ऑरोराने १९६९ पासून अशा आवृत्त्या काढल्या. रंगाखाली ती चमक मरते.

सगळ्यावर मॅट वार्निश. मग ओठ, कल्ले आणि हातापायांच्या पडद्यांवर सॅटिनचा, म्हणजे अर्धवट चमकणाऱ्या वार्निशचा, हात, पाण्यातून नुकताच वर आल्यासारखा.

डोळे सगळ्यात शेवटी. माझं लहानपण पेणजवळ गेलं. गणपतीच्या कारखान्यांत रंग कुणीही देई, पण डोळ्यांची आखणी एकच जाणता कारागीर करायचा, सकाळच्या उजेडात, आणि त्या वेळी कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. मीही डोळे सकाळीच करतो. कोपर टेबलावर टेकवा, करंगळी मूर्तीच्या खांद्यावर. आधी मळका पांढरा, मग बुबुळ, मग वरच्या पापणीखाली गडद रेघ, आणि अगदी शेवटी चकचकीत वार्निशचा एक थेंब. दोन्ही बुबुळं एकाच बिंदूकडे बघत आहेत का ते आरशात तपासा. उलट्या प्रतिमेत तिरळेपणा लगेच दिसतो.

बैठकीखाली

काय केलं ते लिहून ठेवा: कोणता सांधा पिन घालून जोडला, कुठे पुट्टी आहे, कोणता रंग, कोणतं वार्निश. पुढे विकलंत तर घेणाऱ्याला हा कागद आणि आधीचे फोटो द्या. दुरुस्त केलेलं किट मूळ म्हणून विकू नका. जाणता संग्राहक काळ्या प्रकाशाच्या (अतिनील किरणांच्या) टॉर्चखाली बऱ्याचदा पुट्टी आणि नवा रंग ओळखतो, आणि त्याने ओळखलं नाही तरी तुम्हाला माहीत असतं. माझा कागद मी दुमडून बैठकीच्या पोकळीत ठेवला आहे, ‘ऑक्टोबर १९६४’ च्या शेजारी, त्या अक्षरांना न लागेल असा.